सतराचं माप

तबेल्यात ठाणं चाळीस होती, त्यांतली एकोणचाळीस रिकामी. बादल्या बावीस, पैकी पाच बुडाला गळक्या. खरारे सात, सगळे दात शाबूत असलेला एक. लगाम चौदा, मोहरक्या नऊ. रक्त काढताना जनावराला उभं करायची लोखंडी चौकट एक. वजनकाटा एक, आणि तो दोन किलो जास्त दाखवतो अशी त्याच्यावर खडूने लिहिलेली सूचना एक. घोडी एक. पलीकडच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात प्रमाण प्रतिविषाच्या सीलबंद अँप्यूल दोन. खालच्या कप्प्यात टॉक्सॉइडच्या कुप्या अठरा.

या शेवटच्या आकड्यापाशी तिची पेन्सिल अडली. कुप्या बारा असायला हव्या होत्या.

तिने त्या सगळ्या बाहेर काढून टेबलावर मांडल्या आणि उजवीकडून मोजल्या, मग डावीकडून. दोन्हीकडून अठराच. बारा कुप्यांच्या खोक्याचं सील तसंच होतं. सुट्या सहा त्याच्यामागे उभ्या होत्या, लेबलं भिंतीकडे करून.

ही यादी मॅडमनी मागवली होती. मॅडम तिच्या वरिष्ठ. शहराच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेच्या नव्या इमारतीत बसत. पुढच्या गुरुवारी जुनी इमारत बंद होणार होती आणि त्याआधी आत काय काय आहे याची नोंद हवी होती. काम तिच्याच गळ्यात पडणार होतं, कारण जुन्या इमारतीत माणसं दोनच उरली होती: नऊ महिन्यांपूर्वी रुजू झालेली ती, आणि एकतीस वर्षांपूर्वी रुजू झालेला, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार. मोतद्दाराला ती पहिल्या दिवसापासून काका म्हणायची. काकांनी तिचं नाव एकदाच विचारलं आणि बाजूला ठेवून दिलं. ही मुलगी येता-जाता ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजते, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी टिपलं, आणि तेव्हापासून ती मोजणीबाई झाली. "काय मोजणीबाई, आज माश्या किती?" असं ते रोज सकाळी अगदी अदबीने विचारायचे. पहिले काही दिवस ती ओशाळायची. मग एकदा तिने खरोखरच मोजून सांगितलं, "बत्तीस. पण एक दोनदा मोजली गेली असेल." काका हातातली बादली खाली ठेवून हसले होते.

माश्या सोडल्या तर तिथे ती मोजायची ते विष, आणि विषाला धरणारं प्रतिविष. घटसर्पाचा जंतू मुलाच्या घशात ठाण मांडतो आणि तिथून विष सोडत राहतो. जंतूला मारायला औषधं आहेत, पण ते विष एकदा रक्तात उतरलं की थेट हृदयापर्यंत जातं आणि त्याच्यावर जंतूंच्या औषधाची मात्रा चालत नाही. ते वाटेतच धरावं लागतं. ही धरपकड करणारी प्रतिपिंडं फार जुन्या काळापासून घोड्यांकडून घेतली जात होती. दात काढून घेतलेलं विष, म्हणजे टॉक्सॉइड, घोड्याला ठरावीक दिवसांनी वाढत्या मात्रेत टोचायचं. घोड्याचं शरीर त्याच्याविरुद्ध सज्ज झालं की मानेतून रक्त काढायचं, लाल पेशी त्याच्या त्याला परत द्यायच्या आणि वरचा पिवळट प्लाझ्मा ठेवून घ्यायचा. एके काळी इथली चाळीसही ठाणं भरलेली असत. लस आली, रोग ओसरला, घोडेही ओसरले. शेवटी नऊ नंबरचा घोडा आणि सतरा नंबरची घोडी एवढेच राहिले. नऊ दीड वर्षापूर्वी म्हातारपणाने गेला. सतराला दुसरं नाव कुणी ठेवलंच नव्हतं. तपकिरी रंगाची, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका असलेली, एकोणीस वर्षांची घोडी. ठाणावरचा आकडा तेच तिचं नाव.

आता तिचीही गरज उरणार नव्हती. मॅडमच्या गटाने लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून पेशी वेचल्या होत्या, त्यांतून तीन प्रतिपिंडं निवडली होती आणि ती कुठल्याही जनावराशिवाय स्टीलच्या टाकीत वाढवून दाखवली होती. अट एकच होती. या मिश्रणाच्या एका मिलिग्रॅमने किमान दोनशे एककांचं काम करायला हवं. तेवढी ताकद असेल तर लहान मुलाचा पूर्ण डोस एका सुईत मावतो. दोनशेच्या खाली उतरलं तर मिश्रणावर आणखी वर्षभर काम, आणि तोवर पुन्हा सतराची मान. दोनशेच्या वर गेलं तर घोडी मोकळी.

मोजणीबाईने मोजलं होतं, आणि उत्तर आलं होतं दोनशे चव्वेचाळीस. नव्या इमारतीत म्हणे टाळ्या वाजल्या. तिला ते फोनवर कळलं. अहवाल गेला, सह्या झाल्या, ट्रक ठरला. अर्ध्या दिवसाच्या अंतरावर एक कुरण होतं, तिथे कामातून सुटलेले अकरा घोडे राहत. गुरुवारी दहा वाजता सतरा तिथली बारावी व्हायला निघणार होती.

आणि शुक्रवारी, सहा दिवस आधी, फ्रिजमध्ये सहा कुप्या जास्त निघाल्या.

काका ठाणात खरारा करत होते. तिने विचारलं, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. पुरवठा करणाऱ्यांनी जास्त पाठवल्या असतील, म्हणाले. तिने सांगितलं की खोकी बारा-बाराचीच येतात, मागचं खोकं आलं तेव्हा तिनेच पावतीवर सही केली होती. मग काका म्हणाले, जुन्या असतील. तिने लेबलावरची तारीख सांगितली. मग ते म्हणाले की फ्रिज किती जुना आहे, त्यात काय काय निघेल याचा भरवसा नाही, मागे एकदा त्यात कुणाचा तरी चष्मा सापडला होता. एरवी ती हसली असती. ती नुसती उभी राहिली. खराऱ्याचा आवाज आणखी थोडा वेळ चालू राहिला, मग थांबला.

"सहा टोचल्या," काका म्हणाले. "पुढच्या सहा नाही टोचल्या."

"रजिस्टरमध्ये बारा आहेत. बाराही तारखा आहेत. बारा सह्या."

"सह्या कागदावर केल्या. कागदाला दुखत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, घोडीच्या पाठीवर हात ठेवून, तिच्याशीच बोलल्यासारखं. सहाव्या सुईनंतर मानेवर मुठीएवढी गाठ आली. घोडीने तीन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही, मान खाली करून पाणीसुद्धा पिता येईना, म्हणून ते बादली छातीशी धरून उभे राहायचे. जनावरांचा डॉक्टर आता पंधरा दिवसांतून एकदा यायचा. तो फोनवर म्हणाला, थंड पाण्याने शेका आणि चालू ठेवा, पुढच्या मात्रा तर मोठ्या आहेत, थांबून कसं चालेल. काकांनी शेकलं. चालू मात्र ठेवलं नाही. ही शेवटची खेप, हे त्यांना माहीत होतं. या खेपेचा प्लाझ्मा कुठल्या मुलाला द्यायचा नाही, नव्या औषधाशी तुलना करायला फक्त माप म्हणून ठेवायचा, हेही त्यांनी ऐकलं होतं.

"म्हटलं, नुसतं माप तर घ्यायचंय. मापाला काय होतंय?"

मोजणीबाई पालथ्या बादलीवर बसली. तिचं डोकं नेहमीसारखंच एकेक पायरी खाली उतरत होतं. नवं औषध तिने थेट मोजलंच नव्हतं. एकाच विषापुढे एका बाजूला नवं मिश्रण आणि दुसऱ्या बाजूला सतराचा प्लाझ्मा, असं तोलून पाहिलं होतं. आणि सतराचा प्लाझ्मा म्हणजे दर मिलिलिटरला सहाशे एकक, हे धरून चालली होती. चार वर्षांच्या नोंदी तिने पाहिल्या होत्या: ५९२, ६०७, ५९८, ६०३. सतराचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरीही नियमाप्रमाणे नव्या खेपेचा प्लाझ्मा आधी प्रमाण प्रतिविषाशी ताडून घ्यायचा असतो, जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा ज्याच्याशी आपली मापं जुळवतात त्याच्याशी. त्याच्या अँप्यूल दोनच उरल्या होत्या. मॅडम म्हणाल्या होत्या, पुढच्या कधी येतील काही सांगता येत नाही, घोडीचा आकडा काही हलत नाही, कशाला फोडतेस? तिलाही ते पटलं होतं. बाटलीवर "६००" तिनेच लिहिलं होतं, स्वच्छ, सुटसुटीत अक्षरात. काकांनी सहा न दिलेल्या सुयांखाली सही केली होती. तिने एका न मोजलेल्या आकड्याखाली.

"काका, त्या मापानेच मी नवं औषध मोजलं," ती म्हणाली. "गज आखूड असला की कापड जास्त भरतं."

काकांना हे लगेच कळलं. त्यांचा हात घोडीच्या पाठीवरच थांबला.

"किती आखूड?"

"मोजल्याशिवाय सांगता येणार नाही."

"दोनशे चव्वेचाळीसचे दोनशे राहतील?"

"माहीत नाही."

घोडीने मान वळवून त्यांच्या खिशाला नाक लावलं, काही नाही असं पाहून सोडून दिलं. नऊ महिन्यांत काकांनी मोजणीबाईला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. थट्टाही तुम्ही म्हणूनच करायचे. आता म्हणाले, "तू मोजलं नसतंस तर, पोरी?"

"तर सतरा गुरुवारी गेली असती."

"आणि?"

"आणि औषध आपण म्हणतो त्यापेक्षा कमी ताकदीचं निघालं असतं. कुणाला तरी पुरलं नसतं. कदाचित."

"कदाचित."

"तेच तर मला माहीत नाही, काका."

तिने मॅडमना फोन केला. मॅडम आधी म्हणाल्या की सहा कुप्यांची चूक पुरवठ्यातही होऊ शकते, आणि मोजणीबाईला ती वाट दिसली. चांगली रुंद वाट होती, शेवटी मॅडमनीच दाखवलेली. तिने सांगितलं की सुया दिल्या गेल्या नाहीत, तिने विचारून खात्री केली आहे. मग मॅडमनी आठवण करून दिली की अहवालावर तिचीही सही आहे. ती हो म्हणाली. रजिस्टरचं नंतर बघू, मॅडम म्हणाल्या, आधी एक अँप्यूल फोड आणि गुरुवारी सकाळी आकडा दे, ट्रक परत पाठवायचा की कसं ते त्यावर ठरेल. फोन ठेवताना त्यांचा आवाज जरासा बदलला. "नीट कर," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा तुला फोडू द्यायला हवी होती."

या चाचणीला सहा दिवस लागतात. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे असतात, प्रत्येक भाताच्या दोन-तीन शितांना पुरेल एवढा. प्रत्येकात ठरावीक विष घालायचं आणि त्यावर प्रतिविष, पहिल्या खळग्यात जास्त, पुढच्यात थोडं कमी, त्याच्या पुढच्यात आणखी कमी. तासभर दोघांना एकमेकांशी झुंजू द्यायचं. मग वरून जिवंत पेशी सोडायच्या. प्रतिविष पुरलं असेल तर पेशी जगतात, वाढतात, साखर खाऊन भोवतालचं लाल पाणी आंबट करतात आणि ते पिवळं पडतं. पुरलं नसेल तर पेशी मरतात आणि पाणी लालच राहतं. सहाव्या दिवशी पिवळं कुठे संपतं आणि लाल कुठे सुरू होतं, एवढंच बघायचं.

अडचण मधल्या खळग्यांची असते. तिथे रंग नारिंगी असतो, आणि नारिंगीला पिवळं म्हणायचं की लाल, हे डोळा ठरवतो. आपला डोळा या खेपेला कुठे झुकेल हे मोजणीबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने चार सारख्या नळ्या भरल्या: एकीत प्रमाण प्रतिविष, एकीत सतराचा प्लाझ्मा, एकीत नवं मिश्रण आणि एकीत साधं मिठाचं पाणी. खरं तर हे काम दुसऱ्या कुणा तंत्रज्ञाने करायचं असतं. इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. तिने काकांना हात धुऊन आत बोलावलं.

नळ्यांची अदलाबदल करून त्यांना रंगीत चिकट्या लावायच्या, कुठल्या रंगाखाली काय आहे ते कागदावर लिहायचं आणि कागद गुरुवारपर्यंत कुणालाही दाखवायचा नाही, तिलासुद्धा, असं तिने समजावलं. काकांनी एकतीस वर्षांत प्रयोगशाळेच्या आत पाऊल टाकलं होतं ते फक्त बाटल्या आणून द्यायला. ते अंग चोरून स्टुलावर बसले.

"आणि मी फसवलं तर?"

"फसवायचं तर कुठल्या बाजूला फसवायचं, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

काकांनी यावर खरोखर विचार केला. मग त्यांनी मान हलवली. नाही. त्यांनाही माहीत नव्हतं.

ती बाहेर ओसरीवर जाऊन उभी राहिली. आतून चिकट्या सोलण्याचा आवाज येत होता. परत आली तेव्हा नळ्या चार रंगांत उभ्या होत्या आणि काका घडी केलेला कागद शर्टाच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावत होते. तिने अँप्यूल आधीच फोडली होती. मान मोडलेली ती काच अजून टेबलावर होती. दुपारी तीन वाजता तीन प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेल्या. दार लागलं. पडद्यावर आकडा आला: ३७.०.

शनिवारी तिचं काहीच काम नव्हतं. तरी ती आली, आकडा बघितला आणि गेली. चौथ्या दिवसापासून रंग दिसायला लागतो, पण दार उघडलं की उष्णता हलते, म्हणून सहाव्या दिवसाच्या आत ते उघडायचं नाही. तिच्या भाड्याच्या खोलीत एक खुर्ची होती. दुसरी घ्यायचं कारण अजून निघालं नव्हतं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या अठ्ठावीस खिडक्या दिसायच्या. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लागलेल्या एकोणीस होत्या.

रविवारी ती परत आली, कारण काकांना त्यांच्या मोठ्या बहिणीकडे जायचं होतं आणि ते जाऊ शकत नव्हते. घोडा उभ्याउभ्या डुलक्या काढतो, पण खरी झोप त्याला आडवं होऊनच लागते; आणि आडवा तो तेव्हाच होतो, जेव्हा शेजारी कुणीतरी उभं राहून राखण करत असतं. नऊ गेल्यावर सतरा आडवी होईना. डोळा लागला की गुडघे मुडपायचे, ती दचकून उठायची. पुढच्या दोन्ही गुडघ्यांवरची कातडी सोलून निघाली होती. तेव्हापासून काका रोज दुपारी एक ते दोन ठाणाच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. ते बसले की घोडी वीसेक मिनिटं त्यांच्याकडे बघायची, मग पाय दुमडून खाली बसायची, मग आडवी व्हायची. दीड वर्षात काकांनी एकही दुपार चुकवली नव्हती. ही बहीण, आक्का, फोनवर टोमणे मारायची, काका म्हणाले; म्हणायची, तुझ्या घोडीला मुंडावळ्याच बांध आता. मोजणीबाईने सांगितलं, आज मी बसते, तुम्ही जा. काकांनी तिच्याकडे शंकेने बघितलं. ओळखीचं माणूस लागतं तिला, म्हणाले. पण गेले.

ती एक वाजता बसली. सतराने तिच्याकडे बघितलं. वीस मिनिटं झाली. तीस झाली. घोडीचा एक कान तिच्याकडे होता, दुसरा दाराकडे. मोजणीबाई हलली नाही; हलायचं नाही एवढंच तिला करता येण्यासारखं होतं. बावन्नाव्या मिनिटाला घोडीने एक लांब श्वास सोडला, पुढचे गुडघे टेकले आणि आधी छातीवर, मग कुशीवर पडली. पाय पसरले. एवढं मोठं शरीर जमिनीवर इतकं पसरलेलं तिने जवळून पाहिलं नव्हतं. मानेवर गाठ होती तिथे केस विरळ झाले होते. पोट वरखाली होत होतं, मिनिटाला दहा वेळा.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ताईचा असणार, रविवारी ताईचाच यायचा. तिने हात खिशाकडे नेला नाही. फोन थरथरून थांबला. घोडी नऊ मिनिटं झोपली.

नंतर फाटकाबाहेर येऊन तिने ताईला फोन लावला. ताईने आधी धाकट्याच्या शाळेचं, मग गळक्या नळाचं सगळं सांगून घेतलं आणि मग विचारलं की मघाशी कुठे होतीस. ती म्हणाली, एकजण झोपलं होतं, त्याच्या जवळ बसले होते.

"कोण गं?" ताईचा आवाज एकदम जागा झाला.

"घोडी."

"तुझं काही खरं नाही," ताई म्हणाली, आणि जेवतेस ना वेळेवर, असं विचारून तिने फोन ठेवला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. काकांनी माश्यांचं विचारलं नाही. खिशाचं बटण लावलेलंच असायचं. शर्ट बदलला की कागद नव्या शर्टात जायचा. ते गुरुवारची तयारीही करत होते आणि करत नव्हतेही. आयाळ विंचरून झाली, पण चाऱ्याची मागणी त्यांनी पुढच्या आठवड्याचीही पाठवली. बुधवारी नालबंद आला. तो आधीच ठरला होता: कुरणात घोडे बिननालाचे असतात, लाथ मारली तरी दुसऱ्याला लागू नये म्हणून, तेव्हा चारही नाल काढायचे होते. काका प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"काढू का?"

एका शब्दाचं उत्तर हवं होतं. ते भिंतीपलीकडे, सदतीस अंशांवर, तयार होऊन पडलेलं होतं. दार उघडलं असतं तर तिला दहा सेकंदांत दिसलं असतं, निदान अंदाजाने तरी. पण रंगांची नावं काकांच्या खिशात होती, आणि अंदाजावर तिने एकदा सही केली होती.

"उद्यापर्यंत थांबा," ती म्हणाली.

नालबंदाला काकांनी चहा पाजून परत पाठवलं. उद्या परत यायचं तर सकाळी लवकर येईन, नाहीतर दुपारच्या पुढे, मध्ये मला दुसरीकडे जायचंय, असं तो फाटकातून ओरडून गेला.

गुरुवारी ती सात वाजता आली. नारिंगीचं काय करायचं, याचा नियम तिने शुक्रवारीच वहीत लिहून ठेवला होता: छापील रंगपट्टीच्या तिसऱ्या छटेपर्यंत पिवळा, चौथीपासून लाल. तो तिने पुन्हा वाचला. आठ वाजता इन्क्युबेटरचं दार उघडलं. प्लेट एकेक करून पांढऱ्या कागदावर ठेवल्या. हिरव्या चिकटीच्या ओळी सगळ्या लाल होत्या. ते मिठाचं पाणी, एवढं न सांगता कळत होतं. बाकी तीन रंगांत पिवळं वेगवेगळ्या ठिकाणी संपत होतं. तिने एक एक खळगा रंगपट्टीशी लावून बघितला आणि लिहिला. संशयाचे खळगे सात निघाले. नियमाप्रमाणे त्यांतले चार लाल झाले आणि तीन पिवळे. पेन्सिलीने नव्हे, पेनने लिहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

नऊला दहा मिनिटं होती तेव्हा अंगणात ट्रक मागे घेतल्याचा आवाज आला. तासभर आधीच आला होता. ड्रायव्हरने मागची फळी खाली पाडली आणि कुणाला तरी विचारलं की जनावर शांत आहे ना.

काका दारात आले. हात ओले होते. त्यांनी बटण काढलं, कागद दिला आणि तिथेच, उंबऱ्याच्या बाहेर थांबले. सहा दिवसांत कागद कापडासारखा मऊ झाला होता. मोठ्या, एकेक करून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: पांढरी, बाहेरचं माप. निळी, घोडी. हिरवी, पाणी. लाल, नवं.

तिने आधी घोडीचं काढलं. प्रमाण प्रतिविषाशी ताडून सतराचा प्लाझ्मा दर मिलिलिटरला चारशे दहा एकक आला. सहाशे नव्हे. तिने तो आकडा लिहिला, बाटलीवरचं लेबल ओलं करून सोलून काढलं आणि गोळी करून टोपलीत टाकलं. काका बघत होते. त्यांचा चष्मा तबेल्यात राहिला होता. एवढ्या लांबून त्यांना वही म्हणजे पांढरा ठिपकाच दिसत असणार.

बाहेर ट्रकवाला म्हणाला की ऊन व्हायच्या आत निघालेलं बरं. तबेल्यातून खुराचा आवाज आला, दोनदा, लोखंडी नालाचा फरशीवर.

मग तिने लाल चिकटीच्या ओळी घेतल्या. एकेका प्लेटचा हिशेब वेगळा केला. मधे एकदा गुणाकार चुकला असं वाटून तो परत केला, चुकला नव्हता. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, बेरीज केली, तीनने भागलं.

"वाच," काका म्हणाले.

तिने वही उचलली आणि वाचलं. नवं मिश्रण, दर मिलिग्रॅमला. पहिली प्लेट, एकशे चौसष्ट एकक. दुसरी प्लेट, एकशे एकाहत्तर. तिसरी प्लेट, एकशे सहासष्ट. सरासरी, एकशे सदुसष्ट.